‘लेबनीज’ हॉटेलात जेवताना सापडलेला रकाना



मागच्या लेखानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. "आमच्या विषयात डेटा तयार मिळतो, मग आम्ही सायन्सवाल्यांनी इतिहास कशाला वाचायचा?" मीही पीएचडीच्या पहिल्या वर्षी हेच म्हणायचे. माझं मत बदललं ते कुठल्या कोर्समुळे नाही, एका स्वस्त लेबनीज हॉटेलामुळे. लेख जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी डेट्रॉइटला एपिडेमिऑलॉजीत पीएचडी करते. मधुमेह कोणाला, कुठे, किती होतो याचे आकडे हा माझा विषय. डेट्रॉइटला लागून डिअरबॉर्न नावाचं शहर आहे, फोर्ड कंपनीचं गाव. तिथल्या वॉरन अ‍ॅव्हेन्यूवर दुकानांच्या पाट्या अरबीत असतात. बेकऱ्या, मिठाईवाले, खाटीक, आणि हॉटेलं तर ओळीने. माझी रूममेट मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेली ती स्टायपेंड यायला आठवडा बाकी असताना.

बसल्या बसल्या काही न मागता टेबलावर येतं काय, तर भट्टीतली फुगलेली गरम रोटी, लसणाची पांढरीशुभ्र चटणी (तिला ‘तूम’ म्हणतात), आणि बीट घालून गुलाबी केलेलं सलगमचं लोणचं. रोटी संपली की दुसरी येते, तिचे पैसे नाहीत. मसूर डाळीचं सूप लिंबू पिळून प्यायचं. हुमूस म्हणजे शिजवलेले काबुली चणे, तिळाची पेस्ट, लिंबू आणि लसूण. आणि ‘मुजद्दरा’ आला तेव्हा मी हसलेच, कारण तांदूळ, मसूर आणि वर खरपूस तळलेला कांदा म्हणजे आपली खिचडीच की! एका ताटात आम्ही दोघी जेवलो. स्वस्त का, हे कोड्यात टाकणारं नाही. कडधान्य, गहू, तेल आणि कांदा यांवर उभं असलेलं जेवण आहे ते, डोंगरातल्या शेतकऱ्यांचं.

हॉटेलचे मालक साठीच्या पुढचे. ते मला ‘अम्मो’ म्हणतात. अरबीत अम्मो म्हणजे काका! तिकडची रीत अशी की काकाने पुतणीला हाक मारतानाही ‘काका’च म्हणायचं. पहिले दोन महिने मी त्यांना काका म्हणत होते आणि ते मला काका म्हणत होते, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एकदा दुपारी गर्दी नव्हती. मी लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांनी विचारलं, काय करतेस? मी सांगितलं, या भागातल्या लोकांच्या तब्येतीचे आकडे बघते. ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "मग तुझ्या कागदात मी कोण?"

मी खरं तेच सांगितलं. माझ्या डेटासेटमध्ये वंशाचा एक कॉलम आहे, त्यात तुम्ही ‘व्हाइट’.

त्यांनी आतून बायकोला हाक मारली, मला ते परत सांगायला लावलं, आणि दोघं पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना. कारण आठवडाभरापूर्वीच मी प्रपोजलमध्ये एक वाक्य लिहिलं होतं: ‘अभ्यासातील नमुन्यात अरब लोकसंख्या आढळत नाही.’ डिअरबॉर्नचा डेटा घेऊन मी हे लिहिलं होतं, मंडळी!

चूक कुठे झाली हे शोधायला मी वाचायला लागले. सुरुवात अगदी बाळबोध केली. जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात ‘लेबनीज हॉटेल’ शोधलं, १९२० च्या आधीचं. हाती जवळपास काहीच लागलं नाही. म्हणजे लेबनीज लोक तेव्हा नव्हते? असा निष्कर्ष काढायला मी तयार होते, खोटं कशाला बोलू.

खरं म्हणजे लोक होते, नाव नव्हतं. लेबनॉन नावाचा देशच तेव्हा नव्हता. होता तो माउंट लेबनॉन, ऑटोमन साम्राज्यातला डोंगराळ प्रांत. १८६० च्या दंगलींनंतर, १८६१ पासून त्याला वेगळा कारभार मिळाला होता. तिथली अर्थव्यवस्था तुतीच्या झाडांवर आणि रेशमाच्या किड्यांवर. कच्चं रेशीम फ्रान्सला, ल्योंच्या गिरण्यांना जायचं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि चीन-जपानचं रेशीम युरोपात स्वस्तात पोचायला लागलं. एकाच पिकावर बसलेल्या गावांचं काय होतं हे विदर्भातल्या वाचकांना मी सांगायला नको. साधारण १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत डोंगरातून लोक बाहेर पडत राहिले. इतिहासकारांचा अंदाज आहे की एकूण लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास माणसं गेली, ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, अमेरिका अशी.

ऑटोमन कागद घेऊन आले म्हणून लॅटिन अमेरिकेत त्यांना ‘तुर्को’ म्हणत. (ज्या तुर्की सत्तेपासून बरेच जण पळाले तिचंच नाव कपाळी!) अमेरिकेच्या बंदरावरच्या नोंदीत १८९९ पर्यंत ते ‘आशियातील तुर्कस्तान’चे. त्या वर्षी ‘सिरियन’ असा वेगळा गट सुरू झाला. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या त्यांच्या वस्तीचं नाव लिटिल सिरिया. तिथे किराणा, मिठाई, कॉफी, खाणावळी सगळं होतं. १८९२ मध्ये तर अमेरिकेतलं पहिलं अरबी वर्तमानपत्र न्यूयॉर्कमध्येच निघालं. पाठीवर पेटी घेऊन गावोगाव बटणं, लेस, सुया विकणारे फेरीवाले इथूनच माल उचलायचे. आज ती वस्ती दिसत नाही. १९४० च्या दशकात ब्रुकलिनला जाणाऱ्या बोगद्याच्या कामात तिचा मोठा भाग पाडला गेला.

मी शोधात ‘सिरियन’ हा शब्द टाकला आणि पानंच्या पानं यायला लागली.

पण इथेही थांबा. ‘सिरियन’ला डोळे मिटून ‘लेबनीज’ वाचायचं नाही. त्यात आजच्या सीरियातलेही आहेत आणि पॅलेस्टाइनमधलेही. पहिल्या लाटेत बहुसंख्य माउंट लेबनॉनचे ख्रिस्ती होते, हे त्यांच्या गावांवरून आणि चर्चच्या नोंदींवरून कळतं, त्या शब्दावरून नाही. जुनं नाव आणि नवं नाव यांत बरोबरचं चिन्ह टाकणं ही दुसऱ्या पायरीवरची चूक. पहिल्या पायरीवरची मी करून बसलेच होते.

आता ‘व्हाइट’कडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. १७९० च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेत परकी माणसाला नागरिक व्हायचं तर तो ‘स्वतंत्र गोरा’ असावा लागे. १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांना त्यात घेतलं, पण आशियातले लोक बाहेरच. मग गोरा म्हणजे कोण, हे जज ठरवायचे, केसगणिक. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने १९१० मध्ये गोरं मानलं. जॉर्ज डाऊ नावाच्या सिरियन माणसाला साउथ कॅरोलायनातल्या कोर्टाने १९१४ मध्ये नाही म्हटलं. सिरियन संघटना त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या, अपील झालं, आणि १९१५ मध्ये निकाल फिरला: सिरियन लोक गोरेच. आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांना, जे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, सांगितलं की भारतीय गोरे नाहीत. तेरा वर्षांत तीन माणसं, तीन वाटा. माझ्या डेटासेटमधला तो कॉलम, जो मी वजन-उंचीसारखा मोजून आलेला समजत होते, तो कोर्टात असा भांडून आलेला आहे.

तुम्हाला वाटेल, गोरं ठरल्यावर प्रश्न मिटला. नागरिकत्वापुरता मिटला. पण तिकडे गावी त्याच वर्षी, १९१५ मध्ये, टोळधाड आली. दोस्तराष्ट्रांनी समुद्राची नाकेबंदी केलेली, ऑटोमन सैन्य धान्य उचलत होतं, साठेबाजी चालू. १९१८ पर्यंत माउंट लेबनॉनमध्ये उपासमारीने आणि रोगांनी मेलेल्यांचे अंदाज एक लाख ते दोन लाख असे आहेत. अमेरिकेत गोरे ठरलेल्या माणसांनी पाठवलेले पैसेही घरी पोचेनासे झाले. काकांच्या हॉटेलात ताटात रोटी टाकून उठलेलं कोणाला आवडत नाही. त्याचं कारण मी विचारलेलं नाही, आणि दुष्काळाशी ते जोडण्याचा मोह मी टाळतेय, कारण पुरावा नाही. माझ्या आजीलाही आवडत नाही.

युद्धानंतर फ्रेंचांच्या ताब्यात मुलूख गेला आणि १ सप्टेंबर १९२० ला ‘ग्रेटर लेबनॉन’ जाहीर झालं. तेव्हा कुठे नकाशावर नाव आलं. स्वातंत्र्य १९४३ मध्ये. म्हणजे १९१२ ला तुर्की कागदावर आलेला माणूस अमेरिकेत सिरियन झाला, कोर्टात गोरा झाला, आणि न हलता जागच्या जागी लेबनीज झाला.

डिअरबॉर्नची गोष्ट यात थोडी वेगळी. हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि फेरीवाले पेट्या टाकून कारखान्यात शिरले. इथे दक्षिण लेबनॉनचे शिया मुसलमानही बरेच आले. पुढे फोर्डचा मोठा कारखाना डिअरबॉर्नमध्ये रूज नदीकाठी उभा राहिला, त्याच्या धुराखाली साउथएंड ही वस्ती झाली. १९२४ च्या कायद्याने सीरिया-लेबनॉन मिळून वर्षाला शंभराच्या आसपास माणसांनाच प्रवेश ठेवला, त्यामुळे चाळीस वर्षं ओघ आटला. १९६५ मध्ये कायदा बदलला. १९७० च्या सुमारास शहराचा कारभार साउथएंडची घरं पाडून तिथे उद्योग आणायच्या मागे होता. रहिवासी कोर्टात गेले आणि १९७३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दोन वर्षांनी लेबनॉनमध्ये यादवी पेटली, ती १९९० पर्यंत चालली. बिंत जबेल आणि आसपासच्या गावांतून माणसं इथे आली, त्यातच आमचे काका. वॉरन अ‍ॅव्हेन्यूवर तेव्हा बंद पडलेल्या दुकानांची रांग होती. त्यांनी ती घेतली. मी ज्या खुर्चीत बसून हा लेख लिहायला घेतला ते दुकान त्यांतलंच एक.

आणि १९७७ मध्ये, ही माणसं यायला लागलेली असतानाच, अमेरिकन सरकारने आकडेवारीसाठी वंशाचे रकाने नक्की केले. त्यात व्हाइटची व्याख्या: युरोप, उत्तर आफ्रिका किंवा मध्यपूर्व इथलं मूळ असलेला. १९१५ ला जो शब्द मिळवायला लोक कोर्टाची पायरी चढले, त्याच शब्दाने आता त्यांना आकड्यांतून पुसून टाकलं. या समाजात मधुमेह किती, कॅन्सर किती, हे सरकारी आकड्यांतून सांगता येईना. संशोधकांनी मग जुगाड केला. अरबी नावांच्या याद्या बनवल्या आणि कॅन्सर रजिस्ट्रीतली नावं त्यांच्याशी जुळवून बघितली. चलाख युक्ती आहे, पण तिलाही भोकं आहेत. पहिल्या लाटेतल्या कित्येकांनी नावं बदलून इंग्रजी केली होती, ते या चाळणीतून निसटतात. म्हणजे यादी नव्यांना पकडते आणि जुन्यांना सोडते. हे गणितात दुरुस्त करायचं तर आधी स्थलांतराचा इतिहास माहीत हवा.

२०२० च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘व्हाइट’खाली स्वतःचं मूळ लिहायला जागा दिली. डिअरबॉर्नमध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकेतलं मूळ लिहिलं. मार्च २०२४ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी वेगळा रकाना जाहीर केला. माझा डेटा त्याच्या आधीचा.

जाता जाता एका आकड्याबद्दल, कारण तो मला फार आवडतो. हुमूस कोणाचं यावरून लेबनॉन आणि इस्राएलमध्ये वाद आहे. मे २०१० मध्ये लेबनॉनच्या स्वयंपाक्यांनी १०,४५२ किलो हुमूस एका ताटात करून जागतिक विक्रम केला. दहा हजार का नाही? तर लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर मानलं जातं. असा आकडा कुठल्या टेबलात नुसता भेटला असता तर मी त्याला मोजमाप समजले असते. तो घोषणा आहे.

मी प्रपोजलमधलं ते वाक्य काढलं. गाइडना मेल लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं. आता रजिस्ट्रीकडे जन्मस्थानाचा आणि घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा कॉलम मागितलाय. तुमच्या डेटासोबत जी कोडबुक येते तिची जुनी आवृत्तीही मागून घ्या. कुठल्या वर्षी कुठला पर्याय आला आणि कुठला गेला, हे फक्त तिच्यातच असतं.

गेल्या शनिवारी काकांना सांगितलं की तुम्ही आता माझ्या कागदात व्हाइट राहणार नाही बहुतेक. त्यांनी पाटीकडे बोट केलं. पाटीवर इंग्रजीत ‘मेडिटेरेनियन’ लिहिलंय, लेबनीज नाही. मी विचारलं, असं का? म्हणाले, "लेबनीज लिहिलं की लोक युद्धाबद्दल विचारतात. मेडिटेरेनियन लिहिलं की हुमूस मागतात." मग गुलाबी लोणच्याची दुसरी वाटी ठेवून गल्ल्याकडे गेले.