पंधराव्या वर्षी हृदयविकाराची भीती

पालकसभेत, दवाखान्यात आणि रविवारच्या पुरवण्यांत एक मत बिनविरोध मान्य झालेलं आहे. किशोरवयीन मुलांना व्यायामाचं महत्त्व कळत नाही, आणि उरलीसुरली वाट मोबाइलने लावली. तेव्हा फायदे नीट पटवून द्या, मोबाइल काढून घ्या, मुलं आपोआप मैदानावर जातील. हा पूर्वपक्ष.

आधी मोबाइलचं पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलामुलींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. दिवसाकाठी तासभर अंगाला हालचाल, हा निकष. २०१६च्या आकडेवारीनुसार ८१ टक्के त्यात नापास झाले, आणि गाजला तो एवढाच आकडा. त्याच अभ्यासात २००१चाही हिशेब आहे. तेव्हा मुलग्यांत नापासांचं प्रमाण ८० टक्के होतं, २०१६ला ७८; मुलींत ८५ होतं, ते ८५च राहिलं. २००१मध्ये स्मार्टफोन कुणाच्या खिशात होता? मोबाइल झोप खातो, हे मान्य. पण मैदानं त्यानेच ओस पाडली, हा आरोप या आकड्यांपुढे टिकत नाही.

राहता राहिले फायदे. नववीतल्या कुणालाही व्यायामाचे पाच फायदे विचारा, पी.टी.च्या वहीतले घडाघडा म्हणून दाखवेल. पाठ आहेत, पण पटण्याचा संबंध नाही. पंधरा वर्षांच्या पोराला चाळिशीतला हृदयविकार म्हणजे दुसऱ्याच कुणाचा आजार. शिवाय घरात आपण फायदे सांगतो तरी का? “पोट बघ किती सुटलंय!” “तुझ्या वयाचे होतो तेव्हा आम्ही शाळेत चालत जायचो.” “ठेव तो फोन, खाली जा.” अपमान, तुलना, हुकूम. त्यातही पोटाचं वाक्य हमखास पाहुण्यांसमोर. ते ऐकलेलं मूल मैदानावर कशाला जाईल? ते सैल टी-शर्ट घालून खोलीचं दार लावून घेतं.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ ते २००६ या काळात ९ ते १३ वयाच्या मुलांसाठी ‘व्हर्ब’ नावाची मोहीम चालवली. मुलांसाठीच्या जाहिरातींत आरोग्याचा उपदेश मुद्दाम टाळला होता. मजा, मित्र, नवं काहीतरी करून बघणं, एवढंच. पिवळे चेंडू वाटले: खेळ आणि पुढच्याला दे. नंतरच्या पाहणीत, मोहीम ज्यांच्यापर्यंत जास्त पोचली होती ती मुलं जास्त खेळताना आढळली. टेक्ससमधल्या आठवीच्या मुलांवरचा २०१६चा प्रयोग खाण्याबद्दलचा आहे, तरी इथे लागू पडावा. नेहमीच्या आरोग्यपाठाचा काही उपयोग दिसला नाही. पण ‘खाद्यकंपन्या तुम्हाला बनवतात’ असं सांगितल्यावर जंक फूड नाकारणाऱ्यांची संख्या वाढली. कुणी आपल्याला बनवतंय, हे या वयाला सहन होत नाही. बनवणाऱ्यांत आईबापही आले, हे आपण सोयीने विसरतो.

इतकं लांब जायलाही नको. गणपतीच्या आधी पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तिथे उभं राहावं. सकाळी सात वाजता हाका मारून न उठणारी पोरं तिथे कंबरेला ढोल बांधून घामाघूम होतात, बोटांना पट्ट्या गुंडाळतात, ताल चुकला की शिव्या खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्यांना उष्मांकांचं गणित कुणी सांगितलेलं नसतं. सोबत असते, स्वतःची निवड असते आणि चारचौघांत मिरवण्यासारखं काही अंगात येत असतं. (कानठळ्यांचा मुद्दा वेगळा, तोही खरा.) मुलांशी बोलायचं ते या तीन गोष्टींना धरून. “व्यायाम कर” म्हणण्यापेक्षा “रविवारी सिंहगडावर कुणाकुणाला नेऊया?” असं विचारावं, आणि “तू नको येऊस” असं उत्तर आलं तर मुकाट्याने बसभाडं द्यावं. आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांनी स्पष्ट बोलावं, एकांतात.

मुलींच्या बाबतीत मात्र माझाही युक्तिवाद अपुरा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या अभ्यासात भारतीय मुलींची स्थिती इतर अनेक देशांपेक्षा बरी दिसते, आणि घरकाम हे त्याचं एक संभाव्य कारण असल्याचं संशोधकच म्हणतात. म्हणजे हालचाल आहे, ती धुणीभांड्यांची. मैदानावर दिवे नाहीत, कपडे बदलायला आडोसा नाही, वर सातच्या आत घरात. अशा मुलीला कितीही गोड शब्दांत खेळाचं आमंत्रण दिलं, तरी ती येणार कधी? इथे आधी बोलायचं ते तिच्या भावाशी, संध्याकाळची भांडी कुणी घासायची याबद्दल.