हाराल्ड ग्रोस्कोप्फ यांच्या ‘सिन्थेसिस्ट’विषयी तळटीप

१२. ‘सिन्थेसिस्ट’ (१९८०) हा जर्मन ड्रमवादक हाराल्ड ग्रोस्कोप्फ यांचा पहिला स्वतंत्र अल्बम असून तो वाद्यसंगीताचा आहे. ‘वॉलेनस्टाइन’ या रॉक वाद्यवृंदातून पुढे आलेल्या ग्रोस्कोप्फ यांनी क्लाउस शुल्त्से यांच्या ‘मूनडॉन’ (१९७६) या इलेक्ट्रॉनिक अल्बमवर ड्रम वाजवले, आणि सीक्वेन्सरशी, म्हणजे नेमून दिलेली स्वरमाला ठरावीक गतीने आपोआप वाजवत राहणाऱ्या यंत्राशी, संगत करण्याची त्यांची हातोटी तेथे दिसून आली. (शुल्त्से हेही मूळचे ड्रमवादकच, ‘टँजरीन ड्रीम’ या वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमवरील ड्रम त्यांचे आहेत, मात्र पुढे त्यांनी ते वाद्य जवळजवळ सोडून दिले.) ‘सिन्थेसिस्ट’मधील सुरावटींची बरीचशी भिस्त मिनीमूगवर आहे, हा छोटा सिंथेसायझर एका वेळी एकच स्वर काढू शकत असल्यामुळे, स्वरांचा मेळ साधण्यासाठी प्रत्येक ओळ वेगळी वाजवून टेपवरील समांतर पट्ट्यांवर एकावर एक चढवावी लागे, आणि अल्बमचा विरळ, स्वच्छ पोत काही अंशी या मर्यादेतूनच आला असावा. तरीही त्याला निव्वळ यंत्रसंगीत म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण जेथे प्रत्यक्ष ड्रम येतात तेथे सीक्वेन्सरच्या बिनचूक आवर्तनाला वादकाच्या मनगटाचा जोर मिळतो, जो त्या काळच्या लययंत्रांना, म्हणजे तालाचे ठोके स्वयंचलितपणे देणाऱ्या उपकरणांना, साधणारा नव्हता. २०११मध्ये अल्बम पुनःप्रकाशित झाला, तेव्हा नव्या पिढीतील संगीतकारांनी त्यातील रचनांना दिलेली नवी रूपेही सोबत जोडण्यात आली.