घरगुती वीज जोडणीतील संरक्षण

वितरण वाहिनीवरून घरात आलेली वीज निरनिराळ्या मंडलांत (विद्युत् प्रवाहाच्या बंद मार्गांत) वाटून देणे आणि एखाद्या मंडलात दोष उत्पन्न झाल्यास तेवढेच मंडल आपोआप तोडणे, ही दोन कामे घरातील मीटरजवळच्या वाटप फलकावर होतात. खांबावरून येणारी सेवा-तार प्रथम पुरवठादाराच्या मोहोरबंद कट-आउटमध्ये, तेथून मीटरमध्ये, नंतर ग्राहकाच्या मुख्य स्विचमध्ये आणि शेवटी या फलकात येते. फलक घरातील माणसांचे रक्षण करतो, असा सार्वत्रिक समज आहे. त्याच्या इतिहासावरून मात्र असे दिसते की, तो प्रथम तारेच्या व इमारतीच्या रक्षणासाठी निर्माण झाला. माणसाचा विचार त्यात बराच उशिरा आला.

तारेतून प्रवाह वाहताना उष्णता निर्माण होते आणि तिचे प्रमाण प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. प्रारंभीच्या काळात तारांवर कापडाचे वा गटापर्चाचे वेष्टन असे व त्या लाकडी पट्ट्यांतून नेल्या जात. साहजिकच आगीचे भय मोठे होते. टॉमस आल्वा एडिसन यांनी मंडलात मुद्दाम एक दुर्बल दुवा ठेवण्याची युक्ती योजली. ठराविक मर्यादेपलीकडे प्रवाह वाढताच हा दुवा वितळतो व मंडल तुटते. या ‘सुरक्षा संवाहका’चे, म्हणजेच फ्यूजचे, एकस्व (पेटंट) त्यांना मे १८८० मध्ये मिळाले आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे त्यांचे विद्युत् केंद्र सुरू झाले. घरातील तारजोडणीचे पहिले नियम याच सुमारास अमेरिकेत व इंग्लंडमध्ये तयार झाले, ते आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत् संहिता १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मुळाशीही आगीचीच चिंता होती. विमा कंपन्यांना नुकसानभरपाई द्यावी लागे ती जळालेल्या इमारतीची, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमांचा रोख सहज उमगतो.

भारतात कलकत्त्याला १८९९ मध्ये व मुंबईला १९०५ मध्ये सार्वजनिक वीज पुरवठा सुरू झाला आणि त्याबरोबर फ्यूजही आला. सागवानी पट्ट्यांवरील तारजोडणी, लोखंडी पेटीतील मुख्य स्विच आणि चिनी मातीचे ‘किटकॅट’ फ्यूज ही जुन्या वाड्यांतील व चाळींतील परिचित सामग्री होय. दिवे व पंखे एवढाच भार असेपर्यंत ती पुरेशी ठरली. दिव्यांच्या एका उपमंडलावर दहापेक्षा जास्त जोडबिंदू किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नसावा, हा संकेत त्याच राहणीला साजेसा आहे. पुढे इस्त्री, पाणी तापविण्याची साधने व वातानुकूलन यंत्रे आली. तारा मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच राहिल्या.

फ्यूजचे तत्त्व निर्दोष असले, तरी तो पुन्हा बसविणारा माणूस हा त्यातील कच्चा दुवा होय. अमेरिकेत वापरात असलेले पेचाचे फ्यूज १५, २० व ३० अँपिअर अशा कोणत्याही क्षमतेचे असले, तरी एकाच खोबणीत बसत. त्यामुळे वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, क्वचित त्यामागे तांब्याचे नाणेही बसविले जाई. आपल्याकडे किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळण्याचा प्रघात पडला. अशा घरात सर्वांत दुर्बल दुवा फ्यूज न राहता भिंतीतील तार हाच होतो. दुसरा दोष अधिक घातक होता. जुन्या जोडणीत फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर फ्यूज बसवीत. न्यूट्रलवरचा फ्यूज आधी जळाल्यास दिवा विझे, परंतु त्याच्या खोबणीपर्यंत पूर्ण दाब कायम राही आणि वीज नाही असे समजून हात लावणारा प्राणास मुके. भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांनी भूसंपर्कित न्यूट्रलवर स्वतंत्र कट-आउट वा स्विच बसविण्यास मनाई केली.

हाताने पुन्हा चालू करता येणारा आणि ज्याची क्षमता घरमालकाला बदलता येत नाही असा लहान मंडल खंडक, म्हणजे व्यवहारातील एमसीबी, जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्यात विकसित झाला व १९२४ मध्ये त्याचे एकस्व घेण्यात आले. त्यात दोन यंत्रणा एकत्र असतात. दोन भिन्न धातूंची चिकटविलेली पट्टी दीर्घकाळच्या अतिभाराने तापून वाकते व खटका सोडते. अंकित प्रवाहाच्या १·४५ पट प्रवाह असल्यास हे एका तासाच्या आत घडावे लागते. मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) झाल्यास मात्र इतका वेळ नसतो. तेव्हा विद्युत् चुंबक क्षणार्धात खटका ओढतो आणि उडणारी ठिणगी धातूच्या पत्र्यांच्या जाळीत विभागून विझविली जाते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हे फलक घराघरांत पोहोचले. भारतात किटकॅटची जागा ते त्यानंतर पुष्कळ उशिरा घेऊ लागले.

तथापि मंडल खंडकालाही माणूस दिसत नाही. शरीराचा रोध सु. १,५०० ओहम धरल्यास २३० व्होल्ट दाबाला त्यातून सु. ०·१५ अँपिअर प्रवाह जातो. मृत्यू ओढवण्यास तो पुरेसा असतो. सहा अँपिअरच्या खंडकाच्या दृष्टीने मात्र तो एखाद्या छोट्या दिव्याचा भार होय. यावर पहिला उपाय भूसंपर्कनाचा. उपकरणाचे धातूचे कवच जमिनीशी जोडले, तर दोष-प्रवाह माणसाऐवजी त्या तारेने जावा व खंडक सुटावा अशी अपेक्षा असते. परंतु कोळसा व मीठ भरलेल्या खड्ड्यातील भूसंपर्काचा रोध उन्हाळ्यात जमीन सुकल्यावर वाढतो. तो २० ओहम झाल्यास दोष-प्रवाह ११·५ अँपिअरहून अधिक होऊ शकत नाही, १६ अँपिअरचा खंडक हलत नाही आणि कवच धोकादायक दाबावर तसेच राहते. वापरावयाच्या पाण्यात विसर्जक तापक टाकणाऱ्या घरांत तर अनेकदा भूसंपर्काची तारच जोडलेली नसते.

फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करून फरक आढळताच मंडल तोडण्याची कल्पना जर्मनीत १९२८ मध्ये एकस्वित झाली. दोन्ही तारा एका वलयाकार चुंबकीय गाभ्यातून नेतात. दोन्ही प्रवाह समान असल्यास त्यांचे परिणाम परस्परांना छेदतात. काही प्रवाह शरीरातून जमिनीत गळाल्यास गाभ्यात चुंबकत्व निर्माण होऊन खटका सुटतो. किती गळती सोसावी, हा प्रश्न शरीरविज्ञानाचा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हातातील तार सोडता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत १६ व स्त्रियांत १०·५ मिलिअँपिअर असल्याचे दाखविले आणि १९६१ मध्ये पाच मिलिअँपिअरला सुटणारी प्रयुक्ती तयार केली. भारतात व यूरोपात घरासाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा रूढ आहे. एवढा प्रवाह जाणवतो, स्नायू आखडतात. परंतु मंडल सेकंदाच्या अल्पांशात तुटत असल्याने हृदय बहुधा वाचते. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी धरणाऱ्यापुढे मात्र ही प्रयुक्तीही निरुपाय ठरते, कारण तेथे गळती होतच नाही.

भारतात विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंची नोंदलेली संख्या अलीकडच्या वर्षांत दरसाल दहा हजारांवर आहे. त्यांत शेतातील व उघड्या वाहिन्यांवरील अपघातही येतात. जुन्या इमारतींत निरनिराळ्या मंडलांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असल्याने गळती-खंडक विनाकारण सुटल्यासारखा वाटतो. अशा वेळी तारा तपासण्याऐवजी तो वगळून जोडणी थेट करून देणारे कारागीर आजही आढळतात. खंडकावर एक परीक्षण-कळ असते व ती ठराविक काळाने दाबून पाहावयाची असते. ती दाबूनही खटका सुटला नाही, तर तो खंडक निकामी समजावा. कारण घरातील दिवे त्यावरही पूर्ववत चालू राहतात.