आवाजांचा इतिहास आणि अनुदानाचे राजकारण

आमचा इतिहास लिहिला गेला नाही, हे वाक्य आपण इतक्यांदा उच्चारले आहे की त्याची धार आता बोथट होऊ लागली आहे. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. आमचा इतिहास लिहिला जात नव्हता तेव्हाही तो गायिला जात होता. जात्यावर गायिला जात होता, जलशात गायिला जात होता, जयंतीच्या रात्री गायन पार्ट्यांच्या मुकाबल्यात गायिला जात होता. १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव हिंडले, ते अक्षर न ओळखणाऱ्या माणसापर्यंत चळवळ पोचविण्यासाठी. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) उभे आयुष्य याच कामी वेचले. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्याचे दप्तर आवाजातच असणार. म्हणून ध्वनिफिती आणि चित्रफिती यांच्या संग्रहांचा अभ्यास कोणाच्या पैशाने होतो, हा केवळ ग्रंथपालांचा प्रश्न नाही. इतिहासावर मालकी कोणाची, असा तो प्रश्न आहे.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवितो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडिलांना वाचता येत नव्हते, त्यामुळे घरात पुस्तके नव्हती. पण एका पत्र्याच्या पेटीत त्यांनी साठ कॅसेटी जपल्या होत्या. काही विकत घेतलेल्या, काही सभेत टेपरेकॉर्डर मंचाखाली ठेवून स्वतः भरलेल्या. त्यांत गाणी आहेत, भाषणे आहेत, कोणी किती वर्गणी दिली त्याची पुकारणी आहे. एका कॅसेटीत नामांतराच्या लढ्यातील एक सभा आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या दोन तारखा पाठ्यपुस्तकात सापडतात. कॅसेटीत मात्र एक बाई गाण्याच्या ओघात घरे जळालेल्या गावांची नावे एकामागून एक घेते.

या फितींच्या अभ्यासासाठी मी एका संस्थेकडे लहानशा अनुदानाचा अर्ज केला. मुलाखतीत मला विचारण्यात आले, "हे तर लोकसाहित्य झाले. यात इतिहास कुठे आहे? छापील पुरावा काय?" अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण ही दृष्टी एका संस्थेपुरती नाही. पण त्या नकाराने मला मागे वळून पाहायला लावले. या देशात आवाज साठविण्यासाठी पैसा कोणी दिला, आणि कशासाठी दिला?

सुरुवात वासाहतिक सरकारापासून करावी लागते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात प्रांतिक सरकारांच्या साहाय्याने ग्रामोफोनच्या तबकड्या तयार झाल्या. ९७ भाषा-बोलींचे नमुने त्यांत आहेत. माणसांना बोलायला दिली ती बहुधा एकच गोष्ट, बायबलमधील उधळ्या पुत्राची. सोबत कधी एखादी कथा किंवा गाणे. तुलनेसाठी एकच मजकूर हवा, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने योग्यच होते. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पैसा देणाऱ्याला माणूस कसा बोलतो हे हवे होते. त्याला स्वतःला काय सांगायचे आहे, हा त्या खर्चाचा हेतू नव्हता. आज त्या तबकड्या ऐकायच्या तर शिकागो विद्यापीठाच्या अंकीय ग्रंथालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो.

स्वातंत्र्यानंतरही हा ओघ फारसा बदलला नाही. परदेशी संशोधक येत, त्यांच्या विद्यापीठांच्या अनुदानावर खेडोपाडी ध्वनिमुद्रण करीत आणि फिती आपल्या देशी नेत. त्यांच्या प्रती तरी भारतात परत याव्यात, या हेतूने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ साली पुण्यात लोकसंगीतशास्त्राचे संग्रह व संशोधन केंद्र सुरू केले. पुढे ते दिल्लीकडे आणि मग गुडगावला गेले. त्याच्या कामाला फोर्ड फाउंडेशनचा पैसा मिळाला. म्हणजे आमचा आवाज बाहेर गेला तो परक्या पैशाने आणि परत आला तोही परक्या पैशाने. यात त्या संशोधकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी ऐकले तरी. आमच्या विद्यापीठांनी इतकी वर्षे कान का दिला नाही, हे विचारावयाचे आहे.

एक उदाहरण वेगळे आहे आणि ते आपल्याच मातीतले आहे. पुण्यात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर गाणाऱ्यांकडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या गेल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यात आहेत. या कामाला युनेस्को, नेदरलँड्सचे विकास सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधील एक प्रतिष्ठान यांचे साहाय्य झाले. म्हणजे पैसा येथेही बाहेरचाच. पण तो बऱ्याच अंशी ऐकणाऱ्या माणसांवर खर्च झाला. गावातलेच कार्यकर्ते ओव्या गोळा करीत, अर्थ विचारीत, नोंदी करीत. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, जात, वय आणि काम यांची नोंद राहिली. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने या ओव्या प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हा वीस वर्षांनंतर त्या बायांना पुन्हा शोधून भेटता आले ते या नोंदींमुळेच. नाव नोंदले नसते तर ती बाई 'लोक' झाली असती. 'लोकां'चा पत्ता कोणाला सापडत नाही.

आता सरकारी तिजोरीकडे पाहू. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. अलीकडच्या राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाची रक्कम ५९७ कोटी रुपये आहे. ही रक्कम जास्त आहे असे मी म्हणणार नाही. कुजलेली चित्रफीत पुन्हा जन्मत नाही. पण अशा योजनांचा मुख्य भार दुरुस्ती, अंकीकरण आणि साठवण यांवर असतो. यंत्राला पैसा मिळतो, कारण यंत्राचे बिल जोडता येते. ऐकण्याचे बिल कोणत्या खात्यात जोडावयाचे?

हिशेब साधा आहे. माझ्याकडील साठ कॅसेटी प्रत्येकी साठ मिनिटांच्या, म्हणजे साठ तास. उत्तम दर्जाने (सेकंदाला ९६,००० नमुने, २४ बिट) एका तासाला साधारण २ गिगाबाइट जागा लागते. सगळे मिळून १२५च्या आसपास. ते खिशात मावणाऱ्या डिस्कवर बसते. उलट एक तासाचे मुद्रण नीट ऐकून उतरवायला मला सहा तास लागतात. साठ तासांचे ३६० तास झाले. रोज आठ तासांप्रमाणे ही ४५ दिवसांची मजुरी आहे. त्यात गावोगाव जाऊन आवाज ओळखून घेणे, नावे पडताळणे धरलेले नाही. खरा खर्च माणसाचा आहे, आणि अनुदानाच्या तक्त्यात माणूसच शेवटी येतो. अधिछात्रवृत्तीने आमच्या विद्यार्थ्याची चूल पेटते, हे मोलाचेच आहे. पण गाणाऱ्या म्हातारीचे मानधन आणि टेप वाजविणारे यंत्र तेवढ्यात भागत नाही.

शिवाय वेळ उरलेला नाही. चुंबकीय फिती वाजविणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग २०२५च्या सुमारास दुर्मिळ होतील, असा इशारा युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीने २०२० साली दिला होता. ते वर्ष येऊन ठेपलेच. यंत्रापेक्षाही लवकर माणसे जात आहेत.

मग मागायचे काय? महाराष्ट्र शासनाने १९७६ साली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांसाठी साधनप्रकाशन समिती नेमली आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. सार्वजनिक पैशातून निघालेल्या त्या खंडांनी आमच्या दोन पिढ्यांना संशोधक केले. जे छापील शब्दासाठी झाले ते ध्वनीसाठीही झाले पाहिजे. चळवळीच्या ध्वनिफितींचा शोध, त्यांच्या अभ्यासासाठी महाविद्यालयीन शिक्षक-विद्यार्थ्यांना लहान लहान अनुदाने, आणि गाणाऱ्यांच्या हक्काची व नावाची नोंद, एवढे तरी त्यात असावे. ऐकणाऱ्याची मजुरी हे स्वतंत्र खाते असावे. निवड समितीत ती बोली समजणारा माणूस असावा.

पण बोट केवळ शासनाकडे दाखवून आपण सुटत नाही. जयंतीला ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारण्यासाठी आपण वर्गणी काढतो. त्याच वर्गणीतून एक जुना टेपडेक दुरुस्त होऊ शकतो. आपल्या घरांतील पेट्या भंगारवाल्याकडे जात आहेत आणि त्या आपणच देत आहोत.

अनुदान नाकारल्यावर मी चार विद्यार्थी घेऊन काम सुरू केले. आतापर्यंत अकरा कॅसेटी झाल्या. नामांतराच्या सभेतील ती फीत वस्तीतल्या एका वृद्ध मावशीला ऐकविली. गाणारीचा आवाज तिने लगेच ओळखला. मग गावांची यादी ऐकता ऐकता तिने आम्हाला थांबविले. एक गाव गाण्यात राहून गेले होते, तिचे माहेर. आमच्या वहीत गाणारीचे नाव लिहिले आणि त्याखाली ते गाव लिहिले. आता त्या यादीतील प्रत्येक गावी जाऊन पडताळणी करावयाची आहे. एस. टी.च्या भाड्याचा हिशेब आम्ही मांडला आहे. दिवाळीच्या सुटीत निघणार आहोत.