गोदाकाठचं पुणतांबा

शिर्डीकडे जाणारी गाडी दौंड–मनमाड मार्ग सोडून पुणतांब्याला वळते. उतरणारे मोजकेच असतात. पुणतांबा मात्र पायी पाहण्याचं गाव आहे. गोदावरीच्या पात्रात उतरणारा एक घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधवला. गावातलं मोठं देऊळ चांगदेवांचं, समाधीचं. चौदाशे वर्षं जगलेल्या, वाघावर बसून आलेल्या या योग्याच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं, असं परंपरा सांगते. ती ‘चांगदेव पासष्टी’ आजही वाचली जाते.

ज्ञानेश्वरी लिहिली गेली ते नेवासं पुणतांब्याच्याच जिल्ह्यातलं. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०.

मराठीत चालणं आणि लिहिणं यांची गाठ त्याच शतकात पडली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी पायी हिंडले. म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन त्यांच्या आठवणी गोळा केल्या, त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. पुढे ‘स्थानपोथी’त स्वामी कुठे बसले, देवळाचं दार कोणत्या दिशेला, हेही नोंदलं गेलं. आडगावांचा इतका बारकाईचा जुना दस्तऐवज दुर्मीळच! त्या नजरेनं पुणतांब्याचीही प्रत्येक पायरी नोंदवायला हवी.

त्या नोंदीत अलीकडचंही यावं: १ जून २०१७ला राज्यभर पेटलेल्या शेतकरी संपाची हाकही याच गावच्या ग्रामसभेतून उठली होती.