लग्नाआधीचे चार शब्द

तुळशीचे लग्न लागले की घरोघर पंचांगे उघडतात. छत्तीसांपैकी किती गुण जुळतात ते गुरुजी पाहतात. मानपान, देणेघेणे नि याद्या यांवर वडीलधारी मंडळी रात्री जागवतात. पण ज्या दोघांना संसार करावयाचा, त्यांना त्या संसाराविषयी चार शब्द सांगावेत, ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा सुचली.

ती लवकर सुचणारही नव्हती. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे वय दहावरून बारावर नेले, तेवढ्यानेही पुण्यात केवढे वादळ उठले! भातुकली खेळणाऱ्या नवरीला कोण काय सांगणार? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा नि मुलाचे अठरा ठरविले. नवरानवरी जाणती होऊ लागली, तसा सल्ल्याला अर्थ आला.

तोपर्यंत मुंबईत एका गणिताच्या प्राध्यापकाने हे काम हाती घेतलेही होते. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. या कार्यापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. तरी जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. जे आईला विचारता येत नव्हते, डॉक्टरापुढे ओठांवर येत नव्हते, ते वाचक त्यांना लिहून विचारीत. आणि रघुनाथराव आडपडदा न ठेवता उत्तरे देत.

अशा छापील उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरला, दंड झाला. पण मासिक काही थांबले नाही. १९५३ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी ते पदरमोड करून चालविले.

आता काळ पालटला आहे. १९७८ पासून कायद्याने मुलीला अठरा नि मुलाला एकवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. शहरांतून विवाहपूर्व समुपदेशन मिळते. वसईगोव्याकडच्या कॅथलिक घरांतली मुले तर लग्नाआधी तयारीच्या वर्गाला जाऊन बसतात. आरोग्य, पैसा, मुले, सासरमाहेर यांविषयी दोघांनी आधीच मोकळे बोलावे, एवढाच त्याचा हेतू.

तरी पुष्कळ घरांत हा विषय निघाला की आजही कोणीतरी चहा आणावयास उठते. यंदा आपल्या घरी याद्या होतील, तेव्हा शालूशेल्यांच्या हिशेबाआधी त्या दोघांना तासभर एकत्र बसू द्यावे. तेवढ्याने मुहूर्त टळत नाही.