कौलारू छप्पर
कौलारू छप्पर : भाजलेल्या मातीच्या कौलांनी शाकारलेले उतरते छप्पर. कोकण, गोवा व त्याखालच्या पश्चिम किनाऱ्यावर विशेष रूढ. कोकणात बहुतेक ठिकाणी वर्षाला २,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. छपराची घडण त्यावरच बेतलेली असते.

नळीची कौले : कुंभाराने घडवलेली, अर्धगोल. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. ती रिपेला अडकत नाहीत, म्हणून सरकतात. मृगापूर्वी शाकारणी दरवर्षीची.

मंगळुरी कौले : बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला. नेत्रावतीकाठची चिकणमाती यंत्रावर दाबून तेथे कौले होत. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. कौलावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. जुन्या घराचा काळ ठरवताना हा ठसा मोलाचा. मात्र मोडलेल्या घराची कौले दुसरीकडे वापरली जात असल्याने एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. कौलाच्या कडांना खाचा असतात, त्या शेजारच्या कौलात बसतात. खालचा उंचवटा रिपेला अडकतो. भारतीय मानक ६५४ मध्ये मंगळुरी कौलांचे एए व ए असे दोन वर्ग आहेत.

ओल रोखण्याची रीत : कौल पाणी शोषते, मानकानेही वजनाच्या सुमारे १८ ते २० टक्के शोषण मान्य केले आहे. घर कोरडे राहते ते उतार, कौलांची एकमेकांवरची चढ आणि खालून खेळणारी हवा यांमुळे. भिजलेले कौल उघडीप मिळताच दोन्ही बाजूंनी सुकते. कौलांखाली प्लास्टिक अंथरण्याविषयी मतभेद आहेत. वाऱ्याला वाट न ठेवल्यास रिपा व वासे कुजण्याचा धोका मात्र उघड आहे. गळती बहुधा कौलातून नव्हे, तर जोडांतून होते : दोन पाखी आत मिळतात ती पन्हळ, भिंतीला टेकलेली कड, आणि विशेषतः पडवी. पडवीचे पाखे पुढे ओढताना उतार कमी केला जातो. तेथे पाणी रेंगाळते आणि वाऱ्याची झड ते कौलांच्या फटींतून वर ढकलते. बाहेर काढलेली वळचण हा छपराचाच भाग मानला पाहिजे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडल्या नाहीत, तर जांभ्याची किंवा मातीची भिंत खालून ओल धरते.

काचेची कौले : उजेडासाठी, मोजकी.

पत्रा : स्लॅबच्या घरांवरही गळती थांबवण्यासाठी लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचे उतरते छप्पर चढवण्याची पद्धत कोकणात व मुंबई परिसरात आढळते.